लॉनी जॉन्सन : एका वादकाचे जीवन आणि संगीताचे अर्थकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



कलावंताचे चरित्र सांगताना त्याच्या प्रतिभेविषयी पुष्कळ बोलले जाते. त्याच्या मिळकतीचा विषय मात्र टाळला जातो. कलेचा व्यवहार पैशाच्या हिशेबात आणणे म्हणजे तिचा उपमर्द करणे, अशी एक समजूत सुशिक्षितांत रूढ आहे. ही समजूत कोणाच्या सोयीची आहे, याचा विचार फारसा होत नाही. शेतमजुराची मजुरी आणि गिरणी कामगाराचा महागाई भत्ता यांचा पैपैचा हिशेब मांडणारी चळवळसुद्धा गायक-वादकांकडे वळली की शाल, श्रीफळ आणि टाळ्या यांपलीकडे सहसा जात नाही. आज ज्याच्या जीवनाचा विचार करावयाचा आहे तो लॉनी जॉन्सन हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय गिटारवादक या दृष्टीने अतिशय बोलके उदाहरण होय.

१९५९ साली फिलाडेल्फिया शहरातील बेंजामिन फ्रँकलिन हॉटेलात साफसफाईचे काम करणारा साठीच्या घरातील एक कामगार होता. त्याच शहरात आकाशवाणीवर जॅझ संगीताचे कार्यक्रम सादर करणाऱ्या ख्रिस अल्बर्टसन या निवेदकाला त्याचा पत्ता लागला, आणि जाणकारांना आश्चर्याचा धक्का बसला. कारण हा झाडूवाला म्हणजे १९२७ साली लुई आर्मस्ट्राँगच्या आणि १९२८ साली ड्यूक एलिंग्टनच्या संगतीत ध्वनिमुद्रिका काढणारा, आणि १९४८ साली ज्याचे गाणे कृष्णवर्णीयांच्या बाजारपेठेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, तो लॉनी जॉन्सन होता. ‘विस्मृतीत गेलेला कलावंत सापडला’ असे या घटनेचे वर्णन केले जाते. पण जॉन्सन स्वतः कोठेही हरवलेला नव्हता. बाजाराला जेव्हा त्याच्या वादनाची गरज नसे तेव्हा तो कारखान्यात वा हॉटेलात श्रम विकून पोट भरीत असे, आणि गरज निर्माण झाली की पुन्हा गिटार हाती घेत असे. चाळीस वर्षांत हे एकदा नव्हे, अनेकदा घडले. एवढ्या असामान्य वादकाच्या वाट्याला हे का यावे, हा आजचा प्रश्न आहे.

अलोन्झो जॉन्सन हे त्याचे मूळ नाव. जन्म न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात झाला. जन्मवर्ष सामान्यतः १८९९ दिले जाते, काही ठिकाणी १८९४ असेही आढळते. घराणे वाजवणाऱ्यांचे होते. वडिलांचा कुटुंबातल्याच मंडळींचा वाद्यवृंद होता आणि लहानपणापासून लॉनी त्यात व्हायोलिन, पियानो, गिटार अशी निरनिराळी वाद्ये वाजवीत असे. ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण पुढे त्याच्याविषयी जे चित्र रंगविण्यात आले त्याच्याशी ती अजिबात जुळत नाही. कापसाच्या शेतातून थेट रंगमंचावर आलेला निरक्षर गायक तो नव्हता. तो शहरात वाढलेला आणि व्यवसाय म्हणून संगीत शिकलेला वादक होता.

१९१७ साली एका नाट्यसंगीताच्या ताफ्याबरोबर तो इंग्लंडला गेला. १९१९ साली परतला तेव्हा घर उरले नव्हते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत एक भाऊ सोडून सारे कुटुंब मृत्युमुखी पडले होते. त्याच साथीत मुंबई इलाख्यातही लाखो माणसे दगावली, हे येथील श्रोत्यांना ठाऊक असेलच. उरलेल्या भावासह जॉन्सनने न्यू ऑर्लिन्स सोडले आणि मिसिसिपी नदीच्या काठाने उत्तरेकडे सेंट लुई गाठले. या सुमारास दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय माणसे वर्णद्वेषाचा जाच आणि अर्धेलीच्या शेतीतील कर्जबाजारीपणा यांना कंटाळून उत्तरेच्या औद्योगिक शहरांकडे स्थलांतर करीत होती. संगीतही त्यांच्याबरोबर गेले. नदीत फिरणाऱ्या प्रवासी आगबोटींवर फेट मारेबल, चार्ली क्रीथ यांचे वाद्यवृंद असत, आणि त्यांत जॉन्सनला काम मिळाले.

१९२५ साली सेंट लुईच्या बुकर टी. वॉशिंग्टन नाट्यगृहात ब्ल्यूज गाण्याची स्पर्धा झाली. ब्ल्यूज म्हणजे दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या जीवनातून वर आलेला गानप्रकार. बहुधा बारा मात्राखंडांचे आवर्तन, पहिल्या ओळीची पुनरुक्ती आणि तिसऱ्या ओळीत उत्तर, असा त्याचा बांधा असतो. स्पर्धेचे बक्षीस होते ओकेह या कंपनीसाठी ध्वनिमुद्रिका काढण्याचा करार. जॉन्सन स्पर्धा जिंकला. पुढे त्याने स्वतःच सांगितले आहे की, ध्वनिमुद्रणाची संधी मिळण्यासाठी त्याने काहीही केले असते. स्पर्धा ब्ल्यूजची होती म्हणून तो ब्ल्यूज गायिला, एवढेच. पण त्या दिवशी लागलेला शिक्का जन्मभर पुसला गेला नाही. भावगीते, नृत्यसंगीत, जॅझ हे सारे त्याला अवगत होते. कंपनीच्या खातेवहीत मात्र त्याची नोंद ‘ब्ल्यूज गायक’ अशी झाली.

या खातेवहीची रचना समजून घेतली पाहिजे. १९२० साली मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ‘क्रेझी ब्ल्यूज’ ही ध्वनिमुद्रिका ओकेह कंपनीने काढली आणि तिचा प्रचंड खप झाला. कृष्णवर्णीय माणूसही ग्राहक आहे, हा शोध भांडवलाला त्या दिवशी लागला. मग कंपन्यांनी त्यांच्यासाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाची स्वतंत्र मालिका उघडली. वेगळे क्रमांक, वेगळ्या सूची, वेगळ्या जाहिराती. शहरात गोऱ्यांची आणि काळ्यांची वस्ती वेगळी, आगगाडीचा डबा वेगळा, तशीच ध्वनिमुद्रिकाही वेगळी. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही खंडित बाजारपेठ होय, आणि खंडित बाजारपेठेत दुबळ्या गटाच्या श्रमाला कमी भाव देणे सोपे जाते. या शाखेतील कलावंताला एका बाजूमागे ठरावीक रक्कम देऊन विषय संपविण्याची पद्धत सर्रास होती. गाणे त्याने स्वतः रचलेले असले तरी त्याचे हक्क बहुधा प्रकाशकाच्या वा दलालाच्या नावे जात. ध्वनिमुद्रिका हजार खपो वा लाख, वादकाचा संबंध त्या रकमेपुरताच राहत असे.

१९२५ ते १९३२ या सात वर्षांत जॉन्सनने ओकेहसाठी सुमारे १३० बाजू ध्वनिमुद्रित केल्या. याच काळात त्याने गिटारच्या वादनात जी क्रांती केली तिचे स्वरूप थोडक्यात असे. तोपर्यंत वाद्यवृंदात गिटारचे वा बँजोचे काम ताल धरण्याचे होते. सर्व तारा एकदम छेडून लय राखावयाची आणि चाल मात्र कॉर्नेट वा क्लॅरिनेटने वाजवावयाची. जॉन्सनने गिटारवर एकेका तारेवर, एकेक स्वर घेत, व्हायोलिनसारखी चाल वाजवावयास सुरुवात केली. तार बोटाने ओढून एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाणे, स्वराला कंप देणे, हे त्याचे विशेष होते. सतारीवरील मींड ऐकण्याची सवय असलेल्या कानाला यात फारसे नवल वाटणार नाही, पण त्या संगीतात ती नवी वाट होती. १९२५ नंतर विजेच्या ध्वनिग्राहकाने ध्वनिमुद्रण होऊ लागल्यामुळे गिटारसारख्या हळू आवाजाच्या वाद्याचे बारकावे तबकडीवर उतरणे शक्य झाले, हेही येथे नमूद केले पाहिजे. नवे तंत्र आणि ते वापरण्याची कुवत असलेला कारागीर यांची गाठ पडली.

डिसेंबर १९२७ मध्ये शिकागोला लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ या संचात जॉन्सन पाहुणा वादक म्हणून बसला. ‘हॉटर दॅन दॅट’ या ध्वनिमुद्रिकेत आर्मस्ट्राँगचा कंठ आणि जॉन्सनची गिटार यांची जी सवाल-जवाबासारखी देवघेव आहे ती जॅझच्या इतिहासात मोलाची मानली जाते. ऑक्टोबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कला ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर ‘द मूच’ आणि इतर ध्वनिमुद्रिका झाल्या. दोन्ही संच पूर्वीपासून नामांकित होते. दोन्ही ठिकाणी गिटारच्या स्वतंत्र वादनासाठी मुद्दाम जॉन्सनला बोलावण्यात आले, यावरून व्यवसायातील त्याची प्रतिष्ठा कळते.

त्याच वर्षाची आणखी एक गोष्ट वर्णव्यवस्थेवर लख्ख प्रकाश टाकते. एडी लँग हा फिलाडेल्फियाचा, इटालियन स्थलांतरितांच्या घरात जन्मलेला गोरा गिटारवादक. या दोघांनी १९२८ आणि १९२९ मध्ये गिटारच्या जुगलबंदीच्या काही अप्रतिम ध्वनिमुद्रिका काढल्या. गोरा आणि काळा एका खोलीत बसून वाजवू शकत होते, परंतु एका तबकडीवर दोघांची नावे छापणे कंपनीला परवडत नव्हते. तेव्हा लँगचे नाव बदलून ‘ब्लाइंड विली डन’ असे एका काल्पनिक आंधळ्या कृष्णवर्णीय गायकाला शोभेल असे नाव छापण्यात आले. एका ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘टू टोन स्टॉम्प’ असे आहे. टोन म्हणजे स्वर आणि टोन म्हणजे रंगाची छटा. नावातच लपलेली ही चेष्टा कोणाला सुचली असेल ते असो. पुढे गिटारचा जो इतिहास घडला त्याचा एक पाया वर्णभेद ओलांडणाऱ्या या सहकार्यात आहे, आणि बाजाराने ते सहकार्य खोट्या नावाखाली दडवून विकले.

१९२७ च्या वसंतात मिसिसिपी नदीला महापूर आला. २१ एप्रिलला मिसिसिपी राज्यात माउंड्स लँडिंग येथे बंधारा फुटला आणि एकंदर पुरात सहा लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. त्यांत कृष्णवर्णीय कुळे आणि शेतमजूर मोठ्या संख्येने होते. मळेवाल्यांना भीती होती ती माणसे बुडण्यापेक्षा मजूर निघून जाण्याची. ग्रीनव्हिलसारख्या ठिकाणी त्यांना बंधाऱ्यावरच्या छावण्यांत पहाऱ्याखाली अडकवून ठेवण्यात आले आणि बंधारे बांधण्याच्या, ओझी वाहण्याच्या कामाला सक्तीने जुंपण्यात आले. पुरावर अनेक गाणी झाली. जॉन्सनने १९२८ साली ‘ब्रोकन लेव्ही ब्ल्यूज’ ध्वनिमुद्रित केले. त्यातील माणूस पुराबद्दल केवळ शोक करीत बसत नाही. पोलीस त्याला काम कर नाहीतर तुरुंगात जा असे धमकावतात, आणि तो बंधाऱ्याचे काम करावयास सरळ नकार देतो. सक्तमजुरीविरुद्धचा हा नकार, कंपनीने काढलेल्या एका करमणुकीच्या तबकडीवरून घरोघर गेला. कोणत्याही पक्षाने, कोणत्याही संघटनेने त्याला तो लिहावयास सांगितला नव्हता.

मग १९२९ ची महामंदी आली. ध्वनिमुद्रिकांचा अमेरिकेतील खप १९२७ च्या सुमारास वर्षाला दहा कोटींच्या वर होता. १९३२ पर्यंत तो साठ लाखांवर आल्याचे सांगितले जाते. गरिबांची बाजारपेठ सर्वांत आधी कोसळली आणि त्यामुळे ‘रेस’ मालिकेतील कलावंत सर्वांत आधी बेकार झाले. मंदीच्या या काळात जॉन्सनला इलिनॉय राज्यातील पियोरिया येथे पोलादाच्या कारखान्यात काम करावे लागले. तारेवर हळुवार फिरणारी बोटे भट्टीच्या कामाला जुंपली गेली. पुढे तो क्लीव्हलंडला राहिला. अधूनमधून वाद्यवृंदात आणि आकाशवाणीवर वाजवीत राहिला. १९३२ ते १९३७ या काळात त्याची ध्वनिमुद्रिका निघाली नाही. १९३७ साली डेका कंपनीने आणि १९३९ पासून ब्लूबर्डने त्याला पुन्हा बोलावले.

याच टप्प्यावर संघटनेचा प्रश्न येतो. आकाशवाणी आणि हॉटेलांतील ज्यूकबॉक्स यांवर ध्वनिमुद्रिका वाजू लागल्यापासून प्रत्यक्ष वादकांचे रोजगार बुडत होते. वादक एकदा वाजवून मोकळा होई आणि त्याचीच तबकडी पुढे वर्षानुवर्षे त्याच्या जातभाईच्या पोटावर पाय देई. यंत्राने श्रमिकाला विस्थापित करावे, आणि तेही त्याच श्रमिकाच्या साठवलेल्या श्रमाने, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या संघटनेने जेम्स पेट्रिलो याच्या नेतृत्वाखाली १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ध्वनिमुद्रिकेमागे कंपन्यांनी संघटनेच्या निधीत रक्कम भरावी आणि त्या निधीतून बेकार वादकांना काम द्यावे, ही मागणी होती. डेकाने सप्टेंबर १९४३ मध्ये आणि उरलेल्या मोठ्या कंपन्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये ती मान्य केली. दोन वर्षांहून अधिक काळ, महायुद्धाच्या धामधुमीत, सरकारच्या दडपणाला न जुमानता वादकांनी हा लढा जिंकला.

परंतु या विजयाची दुसरी बाजूही कार्यकर्त्यांनी पाहिली पाहिजे. याच संघटनेच्या शाखा वर्णानुसार विभागलेल्या होत्या. शिकागोत गोऱ्यांची १० क्रमांकाची शाखा आणि कृष्णवर्णीयांची २०८ क्रमांकाची शाखा वेगवेगळी होती. त्यांचे विलीनीकरण १९६६ साली झाले. कामाच्या चांगल्या जागा कोणत्या शाखेच्या वाट्याला जात, हे सांगावयास नको. मालकाने पाडलेली भिंत संघटनेने आपल्या घरातही बांधून घेतली की संघटनेच्या विजयाचे फळही त्या भिंतीच्या एकाच बाजूला जास्त पडते.

१९४७ साली जॉन्सन सिनसिनाटीच्या किंग कंपनीकडे गेला. तेथे काढलेले ‘टुमारो नाइट’ हे गाणे १९४८ साली गाजले. हे गाणे ब्ल्यूज नव्हते. सॅम कॉस्लो आणि विल ग्रॉस यांचे ते १९३९ चे एक साधे भावगीत होते. तेवीस वर्षे ज्याला ब्ल्यूज गायक म्हणून बांधून ठेवले त्याचे सर्वांत मोठे यश भावगीतात आले, आणि ते गोऱ्यांच्या सर्वसाधारण यादीतही पोचले. एल्व्हिस प्रेस्लीनेही पुढे ते गायिले. पण या यशाने जॉन्सनच्या म्हातारपणाची तरतूद का झाली नाही? याचे एक कारण कायद्यात आहे. गीतकाराला आणि संगीतकाराला अमेरिकी कायद्याने स्वामित्वशुल्क मिळे. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला त्याच्या गायन-वादनाबद्दल आकाशवाणीकडून काहीही मिळत नसे. ध्वनिमुद्रिकेला त्या देशात संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून, म्हणजे जॉन्सनच्या मृत्यूनंतर. डिजिटल प्रक्षेपणाबद्दल कलावंताला वाटा देणारा कायदा १९९५ साली झाला, आणि १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रिका त्याच्या कक्षेत आणणारा कायदा २०१८ साली. तोवर जॉन्सनला जाऊन अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती.

१९५२ साली तो इंग्लंडला जाऊन वाजवून आला. त्याच कार्यक्रमात एक तरुण इंग्रज वादक होता, टोनी डोनेगन. त्याने जॉन्सनवरच्या भक्तीने स्वतःचे नावच लॉनी डोनेगन असे घेतले, आणि पुढे त्याच्या ‘स्किफल’ संगीताने इंग्लंडमधील हजारो पोरांच्या हाती गिटार दिली. बीटल्स त्याच पिढीचे. डोनेगनच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु नाव ज्याचे घेतले तो सात वर्षांनी फिलाडेल्फियाच्या हॉटेलात झाडू मारीत होता, हेही तितकेच खरे आहे.

आता पुन्हा १९५९ कडे. अल्बर्टसनने पुढाकार घेऊन १९६० साली जॉन्सनच्या नव्या ध्वनिमुद्रिका काढविल्या. त्यांतील एकीत त्याच्या जोडीला एल्मर स्नोडेन हा ज्येष्ठ वादक होता. ज्या वाद्यवृंदातून पुढे ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद घडला त्याचा हा पहिला नायक. आणि तोही त्या वेळी फिलाडेल्फियात मोटारी उभ्या करण्याच्या जागेवर राखणदारी करीत होता. एकाच शहरात असे दोघे सापडावेत, याला वैयक्तिक दुर्दैव कसे म्हणावे?

साठीच्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात लोकसंगीताचे पुनरुज्जीवन झाले. नागरी हक्कांच्या चळवळीशी सहानुभूती असलेले गोरे विद्यार्थी जुन्या ब्ल्यूज गायकांचा शोध घेऊ लागले. १९६३ साली अमेरिकन फोक ब्ल्यूज फेस्टिव्हल या दौऱ्यात मडी वॉटर्स, व्हिक्टोरिया स्पिव्ही आदींबरोबर जॉन्सन युरोपभर फिरला. न्यूयॉर्कमध्ये त्याच्याकडून शिकलेल्या वादनरीतीचा उल्लेख बॉब डिलनने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात केला आहे. या तरुणांचा हेतू चांगला होता यात संशय नाही. पण त्यांना हवा होता शेतातला, फाटक्या कपड्यांतला, साध्या गिटारवर दुःख गाणारा म्हातारा. समोर येई तो नीटनेटक्या सुटातला, विजेची गिटार वाजवणारा, मध्येच एखादे गोड भावगीत आळवणारा शहरी माणूस. अनेकांचा हिरमोड झाला. भावगीत म्हणजे बाजारू, ब्ल्यूज म्हणजे अस्सल, असा त्यांचा निवाडा होता. वस्तुतः ब्ल्यूजचा शिक्का बाजारानेच मारला होता आणि भावगीत ही त्या माणसाची स्वतःची आवड होती. १९२५ साली कंपनीने जे ठरविले तेच १९६० नंतर पुरोगामी श्रोत्यांनी पुन्हा ठरविले. दोघांनीही त्याला विचारले नाही.

साथींनो, चळवळीतील माणसांनी आत्मपरीक्षण करावे ते येथे. कामगाराने कामगारासारखे दिसावे, दलिताने व्यथाच सांगावी, शाहिराने पोवाडाच म्हणावा, ही अपेक्षा सहानुभूतीच्या पोटी जन्मते. पण ती माणसाला त्याच्या दुःखात कोंडून ठेवते. शोषित माणसाला प्रेमगीत गाण्याचाही हक्क आहे, आणि तो हक्क त्याच्या मजुरीच्या हक्काहून कमी प्रतीचा नाही.

१९६५ साली जॉन्सन कॅनडातील टोरांटो शहरात एका कॉफीगृहात वाजवावयास गेला. तेथे मायदेशाहून अधिक आपुलकी लाभली म्हणून तो तेथेच स्थायिक झाला. १९६६ साली यॉर्कव्हिल भागात त्याने ‘होम ऑफ द ब्ल्यूज’ नावाचे स्वतःचे संगीतगृह काढले. धंदा चालला नाही, मालकी दुसऱ्याकडे गेली, आणि शेवटी त्या नव्या मालकाने जॉन्सनलाच कामावरून काढून टाकले. मार्च १९६९ मध्ये पदपथावरून चालत असताना त्याला मोटारीने धडक दिली. उपचारांसाठी ४ मे १९६९ रोजी कलावंतांनी मदतीचा जलसा केला. जॉन ली हुकरसारखे गायक त्यासाठी आले. त्यानंतर पक्षाघाताचाही झटका आला. २३ फेब्रुवारी १९७० रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये तो काठी टेकीत मंचावर आला, बडी गायच्या गिटारच्या साथीवर दोन-एक गाणी गायिला, आणि सारे सभागृह उभे राहिले. १६ जून १९७० रोजी तो वारला. त्या वेळी तो जवळजवळ निष्कांचन होता. १९९० साली त्याचे नाव ब्ल्यूजच्या सन्मानमंदिरात नोंदविण्यात आले.

त्याची कला मात्र साऱ्या जगभर गेली होती. रॉबर्ट जॉन्सनच्या १९३७ च्या काही ध्वनिमुद्रिकांवर त्याची छाप स्पष्ट आहे. टी-बोन वॉकर आणि बी. बी. किंग यांच्यामार्फत ती विजेच्या गिटारच्या अवघ्या वाङ्मयात पसरली. एकेका तारेवर चाल वाजवण्याची रीत आज कोणत्याही गावातील वरातीपुढच्या वाद्यवृंदात ऐकू येते. ही सार्वजनिक मालमत्ता झाली याचे दुःख नाही. कलेने सर्वांचे व्हावे हेच योग्य. दुःख याचे आहे की ती ज्याने निर्माण केली त्याच्या हाती झाडू राहिला, आणि तिच्यावर उभारलेल्या उद्योगाचा नफा खाजगीच राहिला.

हा प्रश्न परक्या देशाचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. आर्मस्ट्राँगच्या ज्या शैलीत जॉन्सनचाही हातभार होता ती ध्वनिमुद्रिकांवरून मुंबईत पोचली. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय वादकाचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. गोव्याहून आलेल्या वादकांनी हे संगीत आत्मसात केले. हळदोण्याचा आन्तोनियो शाव्हियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा तर भारताचा आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला गेला, आणि सी. रामचंद्रांच्या चित्रपटसंगीतात त्याचा मोलाचा वाटा होता. स्वरलेखन वाचता येणाऱ्या अशा गोमंतकीय वादकांच्या श्रमावर हिंदी चित्रपटाचा वाद्यवृंद उभा राहिला. परंतु पडद्यावरील नामावलीत त्यांची नावे अभावानेच दिसतात. भारतात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांचे हक्क प्रथम मान्य झाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापराबद्दल त्यांना वाटा देण्याची तरतूद झाली. कायदा झाला म्हणजे पैसा हाती पडला असे होत नाही, हे किमान वेतनाच्या कायद्याचा अनुभव असलेल्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

तेव्हा जॉन्सनच्या चरित्रातून घ्यावयाचा बोध तीन कामांत मांडता येईल. एक, गावोगावचे बँडवाले, तमाशातील वादक, वाद्यवृंदांतील आणि ध्वनिमुद्रणगृहांतील साथीदार यांची गणना असंघटित श्रमिकांत करून त्यांच्या संघटना बांधणे आणि त्या संघटनांत जातीच्या भिंती उभ्या राहू न देणे. दोन, कोणत्याही ध्वनिमुद्रणापूर्वी लेखी करार आणि पुढील विक्रीतील वाटा ही त्यांची मागणी आपली मानणे. आणि तीन, चळवळीच्या स्वतःच्या व्यासपीठापासून सुरुवात करणे. सभेपूर्वी गर्दी जमविण्यासाठी ज्या शाहिराला आणि ढोलकीवाल्याला बोलावले जाते, त्याला जाण्यायेण्याचे भाडे, योग्य बिदागी आणि पत्रकावर नाव मिळते काय, हे सभेच्या जमाखर्चात पाहावे. त्यानंतर त्याला काय गावेसे वाटते, तेही विचारावे.